धुराचे सोवळे-ओवळे

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी इंग्लंडात जाऊन राहिलेल्या आणि शनिवार-रविवार मोकळे सापडल्यामुळे मैदानांकडे वळलेल्या मराठी बंधुभगिनींनो, आपल्या संघावरचे प्रेम रंगीत धुरातून व्यक्त करावे असे तुमच्यापैकी काहींना वाटू लागले आहे, हे कानावर आले. हौसेला मोल नसते. गणपतीच्या मिरवणुकीत गुलालाने न्हालेल्या माणसाला प्लास्टिकच्या गार खुर्चीवर बसून नुसत्या टाळ्या वाजवणे जड जाणार, हेही समजण्यासारखे आहे. म्हणून चार हिताच्या गोष्टी सांगतो. नळकांडे कोणत्या रंगाचे घ्यावे आणि ते किती वेळ चालावे, हे प्रश्न नंतरचे आहेत. आधी खेळ निवडावा. धूर तोच, नळकांडे तेच, धरणारा हातही तोच असला, तरी समोर कोणता खेळ चालला आहे यावर तुम्ही रसिक की आरोपी हे ठरते.

समोर फुटबॉल असेल, तर तुमची गाठ १९८५ च्या एका कायद्याशी आहे. इंग्लंड आणि वेल्समधल्या क्रीडासामन्यांत मद्य आवरण्यासाठी हा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी त्यात कलम २अ घालून फटाके, फ्लेअर (इशाऱ्यासाठी पेटवायच्या भडक ज्योतीच्या नळ्या) आणि धुराची साधने त्याच दावणीला बांधण्यात आली. कायद्याच्या नावात ‘क्रीडासामने’ असा ऐसपैस शब्द आहे, परंतु त्यात कोणते सामने धरायचे हे सरकार वेगळ्या आदेशाने ठरवते आणि तो आदेश उघडून पाहिला की फुटबॉलशिवाय दुसऱ्या खेळाचे नाव सापडत नाही. खेळ दिसतो अशा जागी धुराचे साधन जवळ असणे, किंवा ते घेऊन आत शिरण्याचा प्रयत्न करणे, एवढ्यानेच गुन्हा पूर्ण होतो. पेटवण्याची तसदीही घ्यावी लागत नाही. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, एक हजार पौंडांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

या कलमाचा मजकूर एकदा सावकाश वाचावा, कारण तो लिहिणाऱ्याची कल्पनाशक्ती वाखाणण्यासारखी आहे. समुद्रात संकटाचा इशारा देणारे फ्लेअर आणि धुक्यातली इशारासाधने तर त्यात आहेतच, शिवाय किडे मारण्यासाठी धुरी देण्याच्या गोळ्या आणि पाइप कुठे गळतो हे तपासण्याच्या गोळ्याही आहेत. तेव्हा तुमचा मित्र प्लंबर असेल आणि कामावरून परस्पर सामन्याला येणार असेल, तर त्याला पिशवी घरी ठेवायला सांगा. मात्र काडेपेटी, लायटर आणि हीटर या कलमातून स्पष्ट शब्दांत वगळलेले आहेत. हा कायदा झाला त्याच वर्षी, ११ मे रोजी, ब्रॅडफर्डच्या मैदानातला जुना लाकडी स्टँड जळून ५६ माणसे दगावली होती, आणि फळ्यांच्या फटीतून खाली पडलेल्या काडीने किंवा सिगारेटने ती आग लागली असावी, असे चौकशीत दिसले होते. यावर विनोद करण्यासारखे काही नाही; नोंद करतो आणि पुढे जातो.

आता वेम्बली घ्या. त्या एकाच मैदानात फुटबॉलचे अंतिम सामने होतात, रग्बी लीगच्या चॅलेंज कपाचा अंतिम सामना होतो आणि मोठमोठ्या गायकांचे कार्यक्रमही होतात. समजा, नशिबाने तिन्ही वेळा तुम्हाला तीच खुर्ची मिळाली. फुटबॉलच्या दिवशी खिशात नळकांडे घेऊन तिच्यावर बसलात, तर कलम २अ. रग्बीच्या दिवशी त्याच खिशासह बसलात, तर ते कलम तुमच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. गाण्याच्या कार्यक्रमाची गोष्ट तर आणखी मजेची आहे, कारण फुटबॉलप्रेक्षकाला १९८६ पासून जे निषिद्ध होते, ते संगीतप्रेक्षकाला निषिद्ध करायला २०१७ साल उजाडावे लागले. मधली ३१ वर्षे सुरांच्या सान्निध्यात धूर निरुपद्रवी होत असावा. बिअरचेही तसेच आहे. रग्बी किंवा क्रिकेट पाहताना ग्लास मांडीवर ठेवून बसता येते, इतकेच नव्हे तर रिकाम्या ग्लासांची लांबलचक नागमोडी रास स्टँडभर फिरवणे ही क्रिकेटमधली लाडकी परंपरा मानली जाते. फुटबॉलप्रेक्षकाने मात्र ग्लास संपवून, तोंड पुसून मगच मैदानाकडे पाहायचे असते.

न्यायाने बोलायचे, तर इतर खेळांच्या तिकिटांवरील अटीही धुराला परवानगी देत नाहीत, आणि फेकलेल्या फटाक्यासाठी सर्वसाधारण कायदे सर्वांनाच लागू आहेत. पण अट मोडली तर मैदानावरचा स्टुअर्ड बाहेर काढतो आणि कलम मोडले तर पोलीस आत टाकतो, हा फरक लहान नाही. फुटबॉलच्या दाराशी नळकांडी हुंगणारी कुत्री उभी असू शकतात. कोणत्या क्लबचे कोणते चाहते काय करतात हे तोंडपाठ असलेले खास फुटबॉल अधिकारी पोलीसदलांत नेमलेले असतात आणि त्यांच्यावर देशपातळीवरचा स्वतंत्र विभागही आहे. दोषी ठरलात, तर १९८९ च्या कायद्याखाली सामन्यांना जाण्यावर बंदीहुकूम निघू शकतो. तुरुंगवास झाला नसला, तरी त्याची मुदत तीन ते पाच वर्षांची असते, आणि परदेशातल्या सामन्यांच्या सुमारास पासपोर्ट जमा करावा लागतो. व्हिसाच्या प्रत्येक अर्जात शिक्षेचा रकाना असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. कार्यालयातल्या मंडळींबरोबर रग्बीला जा, एवढेच सुचवतो.

इंग्लिश खाडी ओलांडून जाण्याची ऐपत असेल, तर धुरासाठी त्याहून रम्य स्थळे आहेत. नेदरलंड्समधील झांडफोर्टला फॉर्म्युला वनची शर्यत २०२१ मध्ये परतली, तेव्हापासून डच चालक मॅक्स व्हर्स्टापनच्या चाहत्यांचा नारिंगी धूर त्या शर्यतीची ओळख होऊन बसला. २०२२ च्या पात्रता फेरीत एक फ्लेअर चक्क धावपट्टीवर येऊन पडला आणि दुसरा टप्पा थांबवावा लागला. ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या गाडीसमोर जळता फ्लेअर, ही गोष्ट कोणत्याही फुटबॉल सामन्यातल्या धुराइतकीच काळजीची आहे. परंतु त्या चाहत्यांना वृत्तांतांत ‘नारिंगी सेना’ म्हणतात आणि तो शब्द कौतुकाने येतो. सायकलची आवड असेल, तर टूर द फ्रान्समधला आल्प द्यूएझचा घाट गाठा. २०१८ च्या शर्यतीत तिथे धुराच्या पडद्यातून आणि अंगावर येणाऱ्या गर्दीतून वाट काढताना इटालियन सायकलपटू विन्चेन्झो निबाली पडला, त्याचा मणका मोडला आणि त्याला शर्यत सोडावी लागली. पडण्याचे खापर अखेरीस कुणा प्रेक्षकाच्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर फुटले. धुराचे कोणी फारसे मनावर घेतले नाही. संयोजकांनी शांततेचे आवाहन केले आणि घाटातल्या गर्दीला ‘वातावरण’ हेच नाव राहिले. ऑस्ट्रियात श्लाडमिंगच्या रात्रीच्या स्कीशर्यतीत लाल फ्लेअर बर्फावर किती खुलून दिसतात, याची छायाचित्रे तुम्ही पाहिलीच असतील.

याउलट २००५ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या फुटबॉल सामन्यात इंटर मिलान या क्लबच्या चाहत्यांनी फ्लेअर फेकले, त्यांतला एक प्रतिस्पर्धी एसी मिलानचा गोलरक्षक दिदा याच्या खांद्यावर बसला, सामना सोडून द्यावा लागला आणि इंटरला ०-३ असा पराभव तर मिळालाच, वर युरोपीय स्पर्धांतले पुढचे चार घरचे सामने रिकाम्या मैदानात खेळावे लागले. शिक्षा योग्यच होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी शंका तिच्या वाटपाबद्दल आहे. धुरात हरवलेल्या मैदानाकडे पाहत इंटरचा माटेराझी मिलानच्या रुई कोस्टाच्या खांद्यावर हात टेकून उभा आहे, हे छायाचित्र मात्र त्याच रात्रीचे, आणि फुटबॉलवरच्या देखण्या छायाचित्रांत ते हटकून गणले जाते.

हे वाचून कोणी म्हणेल, की लेखक नळकांड्यांचा वकील दिसतो. तसे नाही. सागरी फ्लेअर सुमारे १६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो आणि तो विझू नये म्हणूनच बनवलेला असतो. १९९३ मध्ये कार्डिफला वेल्स आणि रुमानिया यांच्या सामन्यानंतर मैदान ओलांडून आलेल्या फ्लेअरने एका वृद्ध प्रेक्षकाचा जीव घेतला. २०१३ मध्ये बोलिव्हियातल्या ओरुरो येथे १४ वर्षांचा मुलगा असाच गेला. १९८५ मध्ये ब्रसेल्सच्या हेझेल मैदानात इंग्लिश चाहत्यांच्या धाडीमुळे ३९ माणसे चेंगरून मेल्यानंतर इंग्लिश फुटबॉलप्रेक्षकावर सरकारने कडक नजर ठेवली, हेही स्वाभाविक होते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. पण एकाच पंगतीत एकाने ताक फुंकायचे आणि शेजाऱ्याने उकळते दूध गटागट प्यावे, त्याला कोणी हटकू नये, याला सावधगिरी म्हणत नाहीत. हे सोवळे-ओवळे आहे. क्रिकेटचा, रग्बीचा, मोटारशर्यतीचा धूर सोवळ्यातला आणि फुटबॉलचा तेवढा ओवळा. स्कॉटलंडने २०२२ च्या कायद्यात खेळाचे नाव न घेता ‘निश्चित केलेली ठिकाणे आणि कार्यक्रम’ अशी भाषा वापरली आहे. त्यामुळे धुराची हौस असलेल्यांनी सीमेपलीकडे न जाणेच बरे.

एक पळवाट अजून सांगायची राहिली. कलम २अ मध्ये ‘कायदेशीर अधिकाराने’ धुराचे साधन बाळगणाऱ्याला बचाव दिलेला आहे. म्हणजे तुम्ही प्रेक्षक न राहता संयोजक व्हा. मग ज्वालांचे फवारे उडवा, चषक उंचावताना आतषबाजी करा, धूर सोडा. तो धूर सोहळ्याचा ठरेल. ही युक्ती आपल्याला नवी नाही. वानखेडेवर आयपीएलच्या सामन्याला जाणाऱ्याची पिशवी दाराशी उलटीपालटी केली जाते, आणि आत गेल्यावर चौकार-षटकारांना सीमारेषेबाहेरून आगीचे लोळ उठतात. २०२३ च्या विश्वचषकात मुंबई आणि दिल्लीची हवाच इतकी बिघडली, की क्रिकेट मंडळाने त्या दोन शहरांतली आतषबाजी स्वतःहून रद्द केली. अधिकृत धूरही फुप्फुसांत जातो, हे त्या निमित्ताने मान्य झाले.

संयोजक होणे जमणार नसेल, तर जर्मनीतल्या हॅम्बुर्गचा मार्ग आहे. तिथे ८ फेब्रुवारी २०२० रोजी कार्ल्सरूहविरुद्धच्या फुटबॉल सामन्याआधी रीतसर परवानगी काढून, ठरलेल्या जागी, धुराची नेमकी दहा नळकांडी चाहत्यांच्या वतीने पेटवण्यात आली. त्यासाठी अर्ज, बैठका आणि पुन्हा अर्ज असा दम लागतो. तो नसेल, तर फुटबॉलच्या दिवशी प्रवेशद्वाराच्या अलीकडे थांबा, खिसे चाचपा आणि पाइप तपासण्याच्या गोळ्या राहिल्या असतील तर काढून टाका. काडेपेटी राहू द्या. तिला कलम २अ चे काही म्हणणे नाही.