“आजच घरी नेता येईल का?”

नाही. आज नेता येणार नाही. उद्याही नाही. परवा तर नाहीच नाही, कारण परवासुद्धा तुमचा मातीचा मग ओलाच असणार आहे आणि बाहेर जुलैचा पाऊस कोसळत असणार आहे.

हे आता मोठ्या अक्षरांत लिहून दारावर टांगायचं ठरवलंय. डोंबिवलीत माझा एक छोटा गाळा आहे. त्यात चार चाकं, एक विजेची भट्टी आणि मी. शनिवार-रविवार मातीकामाचे क्लास घेते. बुकिंग केलं की जो मेसेज जातो त्यात पहिलीच ओळ आहे: भांडी पक्की होऊन मिळायला चार ते सहा आठवडे लागतात. क्लास सुरू होताना तेच सांगते, मध्ये चहाच्या वेळी सांगते, निघताना पुन्हा सांगते. पालथ्या घड्यावर पाणी. हात धुऊन झाले, चाकावरचा व्हिडिओ तीन वेळा काढून झाला, की पर्स खांद्याला लावत प्रश्न येतोच, “मॅडम, हे मग पॅक करून देता ना?”

काय पॅक करू? चिखल?

अहो, आत्ता तुम्ही जे केलंय ते बोट लावलं तर दबतंय. ते प्लास्टिकखाली झाकून हळूहळू सुकवायचं. चामड्याइतकं घट्ट झालं की चाकावर उलटं ठेवून तळ तासायचा, कारण तुमच्या मगाचा तळ अंगठ्याएवढा जाड आहे आणि काठ कागदासारखा पातळ. मग कान जोडायचा. कान आणि भांडं सारखंच ओलं नसेल तर सुकताना जोडावर चीर जाते. म्हणून पुन्हा झाकून ठेवायचं. हे सगळं तुम्ही घरी जाऊन रील टाकल्यावर मी करते. आणि आमच्याकडे पावसाळ्यात हवेत इतका दमटपणा असतो, की दोरीवरचे टॉवेल सुकत नाहीत, तिथे अर्धा किलो मातीचा गोळा दोन दिवसांत कसा सुकेल?

“मग भट्टीतच सुकवा ना.” हा पुढचा सल्ला. हा देणारे बहुधा इंजिनिअर असतात. आत पाणी राहिलेलं भांडं भराभर तापवलं, की शंभर अंशांवर त्या पाण्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट नसते आणि भांडं फुटतं. नुसतं तडकत नाही, फुटतं. त्याच्या ठिकऱ्या शेजारच्या सात जणांच्या भांड्यांवर आदळतात. मग त्या सात जणांना फोन कोण करणार? तुम्ही?

एकीने तर घरच्या ओव्हनमध्ये भाजू का विचारलं. घरचा ओव्हन 250 अंशांपर्यंत जातो. मातीचं मडकं व्हायला, म्हणजे पाण्यात घातल्यावर तिचा पुन्हा चिखल होऊ नये एवढ्यासाठी, निदान 600 अंश ओलांडावे लागतात. माझी पहिली भाजणी 1000 अंशांच्या आसपास असते. तिला आम्ही बिस्क म्हणतो. मग भांडं गार करून, पुसून, ग्लेझमध्ये, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा थर देणाऱ्या पातळ मिश्रणात बुडवून, तळाचं ग्लेझ ओल्या स्पंजने काढून, पुन्हा भट्टीत 1220च्या आसपास. तळाला थेंबभर ग्लेझ राहिलं तर ते वितळून काच होतं आणि भांडं भट्टीतल्या फळीला असं चिकटतं, की छिन्नी-हातोडी घ्यावी लागते. ती फळी किती रुपयांना येते ते एकदा विचारा, म्हणजे “थोडं ग्लेझ खालीपण लावा ना, छान दिसेल” असं म्हणायची हिंमत होणार नाही.

भट्टी बंद केली म्हणजे झालं, असंही नाही. दहा-बारा तास तापायला, आणि त्याहून जास्त वेळ नुसती गार व्हायला. झाकण आधी उघडलं आणि गार हवा आत गेली, की ग्लेझ झालेली भांडी टण्ण टण्ण आवाज करत तडकतात. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी भट्टीला हात लावत नाही. आणि ती एका मगासाठी पेटवत नाही! माझी छोटी भट्टीसुद्धा एका ग्लेझ भाजणीला पन्नास-साठ युनिट सहज खाते, तेही व्यावसायिक दराने. भट्टी भरेपर्यंत थांबावं लागतं. “माझं एकच आहे, घेऊन टाका ना ताई लवकर.” जणू मी गिरणी चालवते आणि यांचं पायलीभर दळण मध्येच टाकून द्यायचंय.

त्यातून ऑगस्ट आला की गणपती वर्कशॉप. शाडूची मूर्ती हातांनी घडवायची, मुलं खूश, आईबाप खूश, मीही खूश असते, खोटं कशाला बोलू. पण गेल्या वर्षी एक गृहस्थ मूर्ती घेऊन परत आले. सोंड हलते म्हणाले. “भाजून द्या, म्हणजे मजबूत होईल.” मी म्हटलं, काका, भाजलेली माती पाण्यात विरघळत नाही, तुम्हाला घरी बादलीत विसर्जन करायचंय ना? त्यांनी दोन सेकंद विचार केला आणि म्हणाले, “मग अर्धीच भाजा.”

अर्धीच भाजा!

शिवाय ती मूर्ती आतून भरीव. बाप्पांचं पोट चांगलं वीतभर जाड. ती भट्टीत घातली असती तर विसर्जन माझ्याकडेच झालं असतं, तेही ढोल-ताशांच्या आवाजासकट. तेरचे गोरोबाकाका थापटी, म्हणजे मडकी ठोकायची लाकडी फळी घेऊन एकेकाच्या डोक्यावर टक्टक् करत कच्चं मडकं कोणतं ते सांगत फिरले, अशी कथा आहे. तिथे निदान नामदेवांसारखा माणूस समोर होता. माझ्या गाळ्यात ती थापटी भिंतीवर टांगलेली आहे आणि मी फार संयमाने तिच्याकडे बघायचं टाळते.

पैशांचं बोलायलाच नको, पण बोलते. “बाराशे? माती तर फुकट असते.” असते ना, तुमच्या कुंडीत असते. मी वापरते ती स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची माती दुसऱ्या राज्यातून पोत्यांतून येते, ट्रान्सपोर्टचं भाडं देऊन. दुसरे म्हणतात, धारावीच्या कुंभारवाड्यात पणत्या किती स्वस्त मिळतात, बघा. बघितल्यात. तिथे पिढ्यान्‌पिढ्या काम करणारी माणसं आहेत, एकाच भाजणीत हजारो पणत्या काढतात, लाल माती, कमी तापमान, वर ग्लेझ नाही. आणि त्यांनाही तुम्ही डझनामागे दहा रुपये कमी करा म्हणताच, ते मला माहीत आहे.

बेसिनमध्ये हात धुणाऱ्यांबद्दल फक्त एवढंच: तीन बादल्या ठेवल्यात, त्या शोभेला नाहीत. माती पाइपात जाऊन बसते. प्लंबरची आणि सोसायटीच्या सेक्रेटरींची बोलणी मी खाते.

पण खरी चीड पुढे आहे. एवढं सगळं होऊन भांडी तयार होतात. मी फोटो काढून पाठवते, “तुमचा मग तयार आहे.” निळी टिक. उत्तर नाही. ज्या मगासाठी तुम्ही मला पहिल्या आठवड्यात रोज मेसेज करत होतात, “झालं का?”, “सुकलं का?”, “एक फोटो पाठवा ना”, तो तयार झाल्यावर तुम्ही गायब. आठवण केली की “येते या वीकेंडला”. कुठला वीकेंड, ते काही कळत नाही. तोवर तुमचा पॉटरीचा नाद संपून मॅक्रमे, म्हणजे दोऱ्यांच्या गाठींचं विणकाम सुरू झालेलं असतं, हे मला तुमच्या स्टेटसवरूनच दिसतं.

माझ्या गाळ्याची एक अख्खी भिंत या न नेलेल्या भांड्यांनी अडवली आहे. एका मगावर टोकदार काडीने “बाबा” कोरलंय. ग्लेझ त्या अक्षरांत छान साचलंय, मूळ माती कडांना तांबूस दिसते, कानाखाली मुलीच्या अंगठ्याचा ठसा जसाच्या तसा आलाय. खरंच चांगला झालाय. फादर्स डेच्या आधी हवा म्हणून तिने मला वेठीला धरलं होतं. मी तिच्यासाठी भट्टी पाऊण भरलेली असताना लावली, वेळेत काढला. अजून तिथेच आहे. बाबांना बहुतेक परफ्यूम मिळाला असेल. आणि मी तो विकू शकत नाही, कुणाला देऊ शकत नाही. कच्चा असता तर भिजवून परत माती केली असती. भाजलेल्याचं काही होत नाही, ते फोडायचं म्हटलं तर माझाच हात धजत नाही.

आणि जे येतात ते? “हा माझा नाही. माझा मोठा होता.” ताई, हा तुमचाच आहे. सुकताना आणि भाजताना ही माती साधारण बारा टक्के आटते. दहा सेंटिमीटरचा मग पावणेनऊचा होतो. हेही पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पण तेव्हा तुमचा व्हिडिओ चालू होता. तळाला तुमचंच नाव आहे, तुमच्याच अक्षरात. ते वाचून झाल्यावर म्हणणार, “रंग पण वेगळा वाटतोय.” कारण ग्लेझ बादलीत गुलाबी दिसतं आणि भट्टीतून हिरवं येतं. नमुन्याच्या टाइल्स भिंतीवर लावल्यात, त्यांच्याखाली उभं राहूनच तुम्ही रंग निवडला होता.

तर आता फीबरोबर तीनशे रुपये अनामत घ्यायला लागले आहे. भांडं नेलं की तीनशे परत. तीन महिन्यांत नाही नेलं तर भांडं आणि पैसे दोन्ही माझे. मैत्रीण म्हणाली, लोक बिथरतील. म्हटलं, बिथरू देत. पहिल्याच बॅचला नियम समजावून सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या चाकावरच्या मुलाने मातीचा हात वर केला आणि अगदी नम्रपणे विचारलं, “म्हणजे तीनशे सोडले, तर परत यायला नको ना?”