राउंडअबाउटपाशी थांबावे की निघावे

न्यू जर्सीत अकरा वर्षे गाडी चालवल्यानंतर आम्ही इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहायला आलो, तेव्हा पुण्याच्या आणि न्यू जर्सीतल्या एडिसनच्या बहुतेक आप्तांनी एकच दिलासा दिला : "आता पुन्हा डाव्या बाजूने चालवायचे, म्हणजे तुम्हाला घरच्यासारखेच." डाव्या बाजूची सवय खरोखरच आठवडाभरात परत आली आणि त्यामुळेच मी गाफील राहिलो. अमेरिकेचा परवाना इथे बदलून मिळत नाही. बारा महिने त्यावर गाडी चालवता येते, पुढे चालवायची तर इथली परीक्षा नव्याने द्यावी लागते. त्या परीक्षेत मी पहिल्या खेपेस नापास झालो. नोकरीनिमित्त या दोन देशांत ये-जा करणारी आपली कुटुंबे पुष्कळ आहेत, म्हणून त्याचे कारण सविस्तर लिहितो आहे.

एका राउंडअबाउटपाशी, म्हणजे मधल्या गोलाभोवती वळसा घालून जायच्या चौकापाशी, उजवीकडून एकही गाडी येत नसताना मी पूर्ण थांबलो, दोन्हीकडे पाहिले आणि मग निघालो. मागे गाड्या खोळंबल्या. पुढच्या राउंडअबाउटवरही तेच केले. विनाकारण थांबणे आणि बिचकणे ही परीक्षकांनी गंभीर चूक धरली. इथे किरकोळ चुका पंधरापर्यंत चालतात, गंभीर चूक एकही चालत नाही. अमेरिकेत माझ्या अंगवळणी पडले होते ते याच्या नेमके उलट. तिथे अष्टकोनी लाल फलकावर 'स्टॉप' दिसले की चाके पूर्ण थांबलीच पाहिजेत, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत आणि आसपास चिटपाखरू नसो. चारही बाजूंना स्टॉप असलेल्या चौकात जो आधी आला तो आधी निघतो, दोघे एकदमच आले तर उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचे. ब्रिटनमध्ये स्टॉपचे फलक फार थोड्या ठिकाणी आढळतात. बहुतेक ठिकाणी 'गिव्ह वे', म्हणजे वाट द्या, एवढीच सूचना असते. वाट देण्याजोगे कोणी असेल तर थांबायचे, नसेल तर थांबायचे नाही. आणि कोणी येत आहे का, त्याचा वेग किती आहे, तो कुठे बाहेर पडणार आहे, याचा अंदाज चालकाने गाडी जवळ नेता नेताच बांधत यायचे. अमेरिकेत चौकातला निर्णय बराचसा फलक घेतो, ब्रिटनमध्ये तो चालकावर सोपवलेला असतो. गाडी कोणत्या बाजूने चालवायची यापेक्षा हा फरक मला कितीतरी मोठा वाटतो.

चालकावर असा भरवसा टाकायचा तर एक नियम मात्र पक्का असावा लागतो. वर्तुळात आधीच असलेल्या, म्हणजे उजवीकडून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हा नियम ब्रिटनने १९६६ मध्ये सर्वत्र लागू केला. त्यापूर्वी नव्याने शिरणाऱ्या गाड्या आतल्या गाड्यांची वाट अडवत आणि गर्दीच्या वेळी अख्खे वर्तुळ ठप्प होई. या एका नियमाने वर्तुळ वाहते राहिले, आणि पुढे ब्रिटिश वाहतूक अभियंते फ्रँक ब्लॅकमोर यांनी रस्त्यावर नुसता पांढरा गोल रंगवून भागेल असे मिनी-राउंडअबाउट रूढ केले. याउलट न्यू जर्सीतल्या जुन्या ट्रॅफिक सर्कलबद्दल तिथल्या चालक-पुस्तिकेत ठाम नियम नाहीत, तारतम्याने वागा, असे म्हटलेले मी वाचले आहे. जिथे नेमक्या नियमाची गरज होती तिथेच तो नव्हता. म्हणून 'अमेरिकनांना वर्तुळे जमत नाहीत' हे म्हणणे मला पटत नाही. इंडियाना राज्यातल्या कार्मेल गावात जिम ब्रेनार्ड महापौर असताना सिग्नल काढून राउंडअबाउट बांधण्याचा सपाटाच लावला गेला. आज तिथे दीडशेहून अधिक आहेत आणि तिथले लोक ती व्यवस्थित वापरतात. सिग्नलच्या चौकात धडक होते ती बरेचदा भरधाव आणि काटकोनात. वर्तुळात ती झालीच तर कमी वेगाने आणि तिरकी होते, आणि माणसे वाचतात.

माणसे वाचण्याचा मुद्दा मी हलक्याने घेऊ शकत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या रस्त्यांवर सुमारे ४०,९०० जण मरण पावले. ग्रेट ब्रिटनमध्ये त्याच वर्षी १,६२४. अमेरिकेची लोकसंख्या साधारण पाचपट आहे, मृत्यू पंचवीसपट आहेत. अमेरिकन माणूस गाडी जास्त चालवतो हे खरे, पण कापलेल्या मैलांच्या हिशेबानेही तिथले प्रमाण दुपटीहून अधिक भरते. याला मोठ्या गाड्या, रुंद रस्ते, त्यामुळे वाढणारा वेग अशी अनेक कारणे आहेत. तरीही परवाना ज्या सहजतेने हाती पडतो, तिचा वाटा मला मोठा वाटतो.

न्यू जर्सीत मी पन्नास प्रश्नांची लेखी परीक्षा दिली आणि प्रत्यक्ष चाचणी पाव तासात संपली. इथेही लेखी प्रश्न पन्नासच आहेत, मात्र त्यांच्या जोडीला धोका ओळखण्याची वेगळी चाचणी असते. चौदा चित्रफिती दाखवतात, आणि पदपथावरचे मूल रस्त्यात उतरण्याच्या बेतात आहे हे जितक्या लवकर तुमच्या ध्यानात येईल तितके गुण अधिक मिळतात. नंतरची रस्त्यावरची परीक्षा सुमारे चाळीस मिनिटांची असते आणि त्यातला बराच वेळ परीक्षक वळणे सांगत नाही. नकाशायंत्र किंवा फलक पाहून तुम्हीच जायचे. अमेरिकेच्या बहुतेक भागात गाडीवाचून किराणासुद्धा आणता येत नाही, म्हणून तिथे परीक्षा कठीण करायला कोणी धजावत नसावे, ही अडचण मला समजते. पण धोका ओळखण्याची चाचणी संगणकावर घेता येते. तिने कोणाचे पोट अडणार नाही, आणि अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याने ती घ्यावी असे मला मनापासून वाटते.

तांबड्या सिग्नलवर उजवीकडे वळण्याची मुभा हाही अमेरिकेने फेरविचार करण्याजोगा विषय आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधन वाचवण्यासाठी ती देशभर पसरली. न्यू यॉर्क शहराने मात्र फलक नसेल तिथे ती नाकारलेली आहे. वळणारा चालक डावीकडून येणाऱ्या गाड्यांकडे पाहत असतो आणि उजवीकडून पाऊल टाकणारा पादचारी त्याच्या नजरेतून निसटतो. एडिसनला माझ्या आईच्या बाबतीत दोनदा असे घडता घडता राहिले. ब्रिटनमध्ये तांबडा म्हणजे तांबडाच.

एका गोष्टीत मात्र ब्रिटनने अमेरिकेकडून शिकायला हवे. पिवळी शाळाबस थांबून तिचे लाल दिवे लुकलुकू लागले की अमेरिकेत मागच्याच नव्हे, समोरून येणाऱ्या गाड्याही थांबतात; दुभाजक असेल तरच समोरच्यांना बहुतेक राज्यांत सूट मिळते. ब्रिटनमध्ये असा कायदा नाही, आणि मुले बसमधून उतरताना मला दर वेळी त्याची उणीव जाणवते.

दुसऱ्या खेपेस मी उत्तीर्ण झालो. मुलगी आता सतरा वर्षांची होईल आणि शिकाऊ परवाना घेईल. तोवर ती माझ्या शेजारी बसून समोर दिसेल ते मोठ्याने सांगत जाते : डावीकडे सायकलवाला आहे, पुढच्या व्हॅनचे मागचे दिवे लागले, वर्तुळात उजवीकडे कोणी नाही. ती 'कोणी नाही' म्हणाली की मी आता थांबत नाही.