रेमेडियल ओल

आमच्या न्हाणीघराच्या छतावरचा ओलीचा डाग सध्या गडचिरोली जिल्ह्याएवढा लांबुळका झाला असून बेडरूमची हद्द ओलांडण्याच्या बेतात आहे. वरच्या काकूंकडे गेलो, तर त्या म्हणाल्या, "आमच्याकडे सगळं खडखडीत कोरडं आहे हो." ते खरंच होतं. त्यांचं सगळं पाणी आमच्याकडे होतं.

सोसायटीने इंजिनियर आणला. त्याच्या अहवालात प्रत्येक पानावर 'रेमेडियल मेझर्स' होतं. हा शब्द लॅटिन 'रेमेडियम'वरून आला. 'मेडिसिन'शी त्याचं नातं आहे, आणि अर्थ बिघाड बरा करणारं. शाळेत मात्र कच्च्या मुलांना वेगळं बसवतात तो रेमेडियल वर्ग. त्यामुळे सेक्रेटरींनी अहवाल वाचून दाखवताच काकू ताठ झाल्या. "रेमेडियल आमच्या घरात कुणी गेलेलं नाही. मुलगा मेरिटमध्ये आला होता!"

निदान साधं होतं. नहाणी ट्रॅपभोवतीचा, म्हणजे न्हाणीघरातलं पाणी जिथून खाली जातं त्या जाळीच्या भांड्याभोवतीचा सांधा सुटलेला, फरशीच्या फटी उघडलेल्या. पाणी फरशीखालच्या विटांच्या रोड्यांत मुरतं आणि वाट सापडेल तिकडून उतरतं. म्हणून डाग नेमका गळतीखाली सापडेलच असं नाही. पुढे स्लॅबमधली सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो आणि काँक्रीटचे पोपडे खाली येतात, बहुधा आंघोळीच्या वेळी. इलाज म्हणजे फरशी उखडायची, वॉटरप्रूफिंग करायचं, मग ट्रॅप बुजवून पाणी भरून ठेवायचं आणि खाली थेंब पडतो का ते बघायचं.

इथवर सगळे सहमत होते. मग खर्चाचा विषय निघाला. पावसाच्या किंवा बाहेरच्या पाइपच्या गळतीचा खर्च सोसायटीचा, घरातल्या न्हाणीघराचा ज्याचा त्याने करायचा, असा उपविधींचा हिशेब. काकूंच्या मते हे पावसाचं पाणी होतं. मी म्हटलं, "काकू, मे महिना चालू आहे." त्या म्हणाल्या, "अवकाळी."

अखेर इंजिनियरने त्यांच्या न्हाणीघरात लाल रंगाचं पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी आमचं गडचिरोली गुलाबी झालं. सेक्रेटरी काकूंना घेऊन खाली आले. त्यांनी चष्मा लावून, मान मागे टाकून बराच वेळ छत न्याहाळलं.

"छे," त्या म्हणाल्या, "आमचा जास्त गडद होता."