साधं भूतही होऊ दिलं नाही

कपाळावरचा लाल रंग अजून पुरता गेलेला नाही. वॉटरकलर आहे, पाण्याने जातो, असं मुलीने सांगितलं होतं. टकलावरून गेला, भुवयांतून जायला तयार नाही. काल ऑफिसात दोघांनी "काय लागलं का?" म्हणून विचारलं. बँक्वो झालो होतो, असं कुणाला सांगणार?

आमचा एक ऑनलाइन वाचनगट आहे. जुनी इंग्रजी नाटकं आम्ही भूमिका वाटून घेऊन मोठ्याने वाचतो. भूमिका संयोजकबाई वाटतात, आणि माझं नाव आलं की त्यांना का कुणास ठाऊक, नोकरच आठवतो. ऑस्कर वाइल्डचं 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' वाचलं तेव्हा मी लेन. लेन म्हणजे पहिल्या अंकातला बटलर. मालकाने काकडीची सगळी सँडविचं स्वतःच फस्त केली की आपण निर्विकार चेहऱ्याने सांगायचं, बाजारात काकडीच नव्हती, मी दोनदा जाऊन आलो. एवढं खोटं बोलून झालं की दुसऱ्या अंकापासून सुट्टी. 'ज्युलियस सीझर'मध्ये मी सिना. कटातला सिना नव्हे, तो दुसऱ्या एका गृहस्थांना गेला. मी कवी सिना. जमाव याला नावाच्या घोटाळ्यात पकडतो, आणि हा तो नव्हेच असं कळल्यावर 'मग वाईट कवितांबद्दल फाडा' म्हणतो. जमावातल्या तिघांचं नेट रडत होतं, त्यामुळे मला अडकत अडकत फाडण्यात आलं.

यामागे माझे उच्चार आहेत हे मला ठाऊक आहे. तसं कुणी म्हणत नाही. पण राजे, राण्या आणि स्वगतं नेहमी त्याच चौघांकडे जातात, जे 'वॉटर'मधला र गिळतात. आता गंमत अशी की शेक्सपिअरच्या काळचे लंडनवाले र गिळत नव्हते, चांगला वाजवत होते. 'लव्ह' आणि 'प्रूव्ह' यांचं यमकही तेव्हा जुळायचं, आज ते कुणाच्याच तोंडी जुळत नाही. म्हणजे चुकीचं आम्ही सगळेच बोलतो. फक्त माझी चूक बटलरची आणि त्यांची राजघराण्यातली.

असो. या खेपेला 'मॅकबेथ' होतं आणि यादीत माझ्या नावापुढे चक्क बँक्वो होता. सरदार! मी तीन दिवस आरशासमोर तालीम केली.

आता काकांबद्दल. आमच्या गटात एक रंगसूचनाकाका आहेत. ते भूमिका घेत नाहीत. ते फक्त कंसातलं वाचतात: कोण आलं, कोण गेलं, कुठे तुतारी वाजली. शेक्सपिअर या बाबतीत महाकंजूष, दोन-चार शब्दांत काम उरकणारा. त्यामुळे काका मिळेल त्या शब्दाचं सोनं करतात. 'एक्झिअंट', म्हणजे 'सगळे जातात', हा शब्द ते असा उच्चारतात की जाणाऱ्यालाच जावंसं वाटू नये. बर्नार्ड शॉ वाचला त्या महिन्यात मात्र त्यांचं उखळ पांढरं झालं. शॉ खुर्चीसुद्धा परिच्छेदभर मांडतो. काकांनी पहिला अर्धा तास एकट्याने खाल्ला आणि पात्रं बोलायला लागल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर 'आता ही कोण मध्येच?' असे भाव उमटले.

तर पहिल्या अंकाच्या सहाव्या प्रवेशात राजा डंकन मॅकबेथच्या किल्ल्याशी येतो. तिथे सूचना आहे 'हॉटबॉइज अँड टॉर्चेस'. काकांनी ती वाचली ती थेट 'हॉट बॉइज' अशी, आणि वर एक अर्थपूर्ण विराम घेतला. कुणीतरी हळूच म्हणालं, "काका, तो ओबॉय आहे. वाद्य. आपल्या सनईचा लांबचा भाऊ."

"मी लिहिलंय ते वाचतो," काका म्हणाले. "सूचना दुरुस्त करणं माझं काम नाही."

नेमकं त्याच प्रवेशात बँक्वोचं सगळ्यात देखणं बोलणं आहे. किल्ल्याच्या भिंतीवर पाकोळीने घरटं बांधलंय, म्हणजे इथली हवा गोड असणार, असं. ते मी बोललो. पण चौदा चौकटींत चौदा माणसं हॉट बॉइजवर हसत होती. पाकोळी गेली वाऱ्यावर.

तिसऱ्या अंकात मॅकबेथने बँक्वोवर धाडलेले मारेकरी आले. मरताना बँक्वो मुलाला ओरडून सांगतो, 'फ्लाय, गुड फ्लीअन्स, फ्लाय, फ्लाय, फ्लाय!' चार वेळा फ्लाय. चारही वेगवेगळे म्हणायचे मी ठरवलं होतं: पहिला धक्क्याचा, दुसरा बापाचा, तिसरा श्वास संपत आल्याचा, चौथा जवळजवळ हवेचा. म्हटले. घामाघूम झालो. आणि शांततेत काकांचा आवाज आला, "म्यूटवर आहात तुम्ही." मी लगबगीने बटण शोधतोय तोवर ते पुढे म्हणाले, "राहू द्या आता, मेलात." आणि पुढचा प्रवेश सुरू.

ठीक आहे म्हटलं, भूत बाकी आहे. मेजवानीच्या प्रवेशात बँक्वोचं भूत येऊन मॅकबेथच्याच जागेवर बसतं. त्याला एकही वाक्य नाही, म्हणजे म्यूटची भानगडच नाही. बँक्वोच्या डोक्यावर वीस खोल जखमा होत्या असं मारेकरी सांगतो. मी मध्यंतरात ब्रशने वीसच्या वीस काढल्या. टकलाचा आयुष्यात एवढा उपयोग कधी झाला नव्हता. फक्त मॅकबेथ त्याला 'तुझे रक्ताळलेले केस माझ्यासमोर हलवू नकोस' म्हणतो, तेवढं प्रेक्षकांनी सांभाळून घ्यायचं.

मी कॅमेरा लावला आणि काका म्हणाले, "थांबा. भूत फक्त मॅकबेथला दिसतं. इथे तर सगळ्यांना दिसतंय."

"मग काय झालं?" मी.

"मग बाकीचे दचकत का नाहीत?"

लेडी मॅकबेथ झालेल्या बाईंनी लगेच री ओढली. "मला म्हणायचंय की तू नुसत्या स्टुलाकडे बघतोयस. पण स्टूल कुठाय? मला हेच दिसतायत, रंगलेले."

"मी डोळे मिटून वाचू का?" मेजवानीतला सरदार लेनॉक्स झालेला म्हणाला.

"डोळे मिटून कसं वाचाल?" काका म्हणाले. कुणीतरी सुचवलं की ज्याने त्याने आपापल्या स्क्रीनवरून माझी चौकट लपवावी. प्रयत्न झाला. दोघांनी चुकून मॅकबेथला लपवलं.

मी म्हटलं, सायमन फोरमन नावाच्या माणसाने 1611 साली लंडनच्या ग्लोब थिएटरात हे नाटक पाहून लिहून ठेवलंय, की भूत आलं आणि मॅकबेथच्या मागे खुर्चीत बसलं. म्हणजे शेक्सपिअर हयात असताना भूत धडधडीत दिसत होतं. हे मी आदल्या रात्री मुद्दाम वाचून ठेवलं होतं. पण काका म्हणजे काका. "केंबल नावाच्या नटाने 1794 मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात खुर्ची रिकामी ठेवली होती," ते म्हणाले. "भूत मनात असतं." त्यांच्याकडे हे तयार होतं! दुसऱ्याचं भूत काढून घ्यायला हा माणूस घरून पुरावे घेऊन आला होता.

मग त्यांनी तोडगा काढला. "भूत म्हणजे काय? जे आहे पण नाही. बाई, यांना वेटिंग रूममध्ये टाका. मॅकबेथ दचकले की आत घ्या. एंट्री कशी एंट्रीसारखी होईल."

सगळ्यांनी वा वा केलं. मला 'पण' म्हणायचं होतं. 'प' म्हणेपर्यंत मी बाहेर होतो.

पांढरा पडदा. त्यावर एकच ओळ: कृपया थांबा, यजमान लवकरच तुम्हाला आत घेतील. यजमान! या नाटकात मॅकबेथ बँक्वोला बजावतो, मेजवानी चुकवू नकोस. बँक्वो म्हणतो, नाही चुकवणार. आणि मेल्यावरही शब्द पाळतो बिचारा, वीस जखमा घेऊन हजर होतो. मी तर जिवंत होतो, वेळेवर होतो, इंटरनेटचं बिलही भरलेलं होतं.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. म्हटलं, पहिली एंट्री हुकली असेल, भूत त्याच प्रवेशात पुन्हा येतं. वीस मिनिटं. चौथ्या अंकात आठ राजांच्या मागून बँक्वो परत दिसतो, तेव्हा तरी आठवेल कुणाला. रंग वाळून ओढ बसायला लागली, खाज सुटली. बायको दारात येऊन बराच वेळ बघत राहिली. पांढऱ्या पडद्यासमोर ताठ बसलेला, डोक्यावर लाल रेघा मारलेला नवरा.

"संपलं का?" तिने विचारलं.

"मी आत नाहीये," मी म्हटलं.

ती काही न बोलता गेली.

चाळीस मिनिटांनी आत घेतलं. मॅकबेथचं मुंडकं उडालेलं होतं आणि सगळे एकमेकांना छान छान म्हणत होते. संयोजकबाई म्हणाल्या, "अय्या, तुम्ही होतात होय! आम्हाला वाटलं नेट गेलं." काकांनी मात्र मला खुशीने सांगितलं, "फार परिणामकारक झालं. रिकामी जागा अंगावर येत होती."

आज सकाळी पुढची यादी आली. 'हॅम्लेट'. माझ्या नावापुढे हॅम्लेटच्या बापाचं भूत. बाईंनी शेजारी लिहिलंय, 'अनुभव आहे म्हणून'. या भुताला निदान तोंड आहे, म्हणून मी दोन मिनिटं खूश होतो. मग काकांची मेल आली. पहिल्या अंकात हे भूत पहारेकऱ्यांनाही दिसतं, पण तिसऱ्या अंकात राणीला दिसत नाही, तर काय करायचं यावर ते विचार करत आहेत. दरम्यान त्यांनी 1603 ची पहिली छापील प्रत काढून पाहिली आहे. त्यात राणीच्या महालातल्या प्रवेशाला सूचना आहे की भूत नाइटगाउनमध्ये येतं. आणि पहिल्या अंकाच्या शेवटी ते रंगमंचाच्या खालून ओरडतं. तर माझ्याकडे नाइटगाउन आहे का, आणि टेबल केवढं उंच आहे, हे त्यांनी रविवारपर्यंत कळवायला सांगितलंय.

टेबल अडीच फूट आहे. मी मोजलं.