लिंबू, सोडा आणि वॉरबर्गचं नोबेल

'कॅन्सर फक्त अॅसिडिक शरीरात वाढतो. या शोधासाठी डॉ. ऑटो वॉरबर्ग यांना 1931 चं नोबेल मिळालं. कोमट पाण्यात लिंबू आणि अर्धा चमचा खायचा सोडा रोज तीनदा घ्या, शरीर अल्कलाइन करा, कॅन्सरच्या पेशी मरतील. औषध कंपन्या हे दडवतात.'

इंदुरातल्या मराठी घरांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. मी दुर्लक्ष करत होते. पण आता तो सुदामा नगरच्या काकूंपर्यंत पोचला. त्यांची केमो चालू आहे आणि त्या इमानेइतबारे सोडा पिताहेत. तेव्हा बास झालं.

नोबेलचं आधी उरकते. 1931 चं, वॉरबर्गलाच, इथवर खरं. पण ते मिळालं श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामाला, म्हणजे पेशी ऑक्सिजन कसा वापरते याला. गाठीतल्या पेशी ऑक्सिजन असतानाही साखरेचा फडशा पाडून लॅक्टिक अॅसिड करतात, हे त्याचंच निरीक्षण, आणि तेही बरोबर. कॅन्सर शोधायचा पेट स्कॅन आजही याच खादाडपणावर चालतो. मात्र रोगाचं मूळ जनुकांच्या बिघाडात निघालं. त्या वाटेवरच्या कामासाठी बिशप आणि व्हार्मस या शास्त्रज्ञांना 1989 मध्ये नोबेल मिळालं. ते मेसेजात नाही, साहजिकच.

आता 'अल्कलाइनमध्ये पेशी मरतात' हे. ज्याने हे लिहिलं त्याने कॅन्सरच्या पेशी वाढवायची बाटली जन्मात पाहिलेली नाही. मी प्रयोगशाळेत हेच काम केलंय. पेशींच्या द्रवाचा पीएच (अॅसिड-अल्कलीचं माप, 7 च्या खाली अॅसिडिक, वर अल्कलाइन) 7.4 ठेवतात, म्हणजे किंचित अल्कलाइनच, आणि तो टिकावा म्हणून त्यात घालतात सोडियम बायकार्बोनेट. हो, तोच खायचा सोडा! द्रवात फिनॉल रेड हे अॅसिडनुसार रंग बदलणारं द्रव्य असतं, त्यामुळे तो छान गुलाबीसर लाल दिसतो. दोन-तीन दिवसांनी इन्क्युबेटर उघडावा तर पिवळा पडलेला, कारण पेशींनी साखर खाऊन त्यात अॅसिड सोडलेलं असतं. तो काढून ताजा लाल द्रव घातला की पेशी पुन्हा जोमात. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून 1951 साली घेतलेल्या हेला पेशी जगभर अशाच वाढताहेत. अॅसिड गाठ करत नाही, गाठ अॅसिड करते. मेसेजात सगळी उलटी गंगा.

शिवाय सोडा पिऊन रक्त अल्कलाइन करता येत नाही. फुफ्फुसं आणि किडन्या त्याचा पीएच 7.35 ते 7.45 मध्येच धरून ठेवतात. काकूंनी लघवीची पट्टी दाखवली, "बघ, निळी झाली!" झाली ना. जास्तीचा सोडा किडन्यांनी बाहेर फेकला, एवढाच त्याचा अर्थ. गाठीत काय चाललंय ते ती पट्टी सांगत नाही.

बरं, एक गोष्ट मान्य करावी लागते. 2009 मध्ये उंदरांना तोंडावाटे बायकार्बोनेट दिल्यावर स्तनाच्या कॅन्सरचं पसरणं कमी झालं होतं. पण मूळ गाठ काही आटली नाही, आणि काकू उंदीर नाहीत. माणसांचं म्हणाल तर 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकातला 2016 चा आढावा वाचा. 8,278 नोंदी चाळून निकषांत बसणारा अभ्यास सापडला एक, मूत्राशयाच्या कॅन्सरवरचा, आणि त्यातही आहारातल्या अॅसिडचा संबंध दिसला नाही. अल्कलाइन पाण्याने कॅन्सर बरा होतो याला पुरावा शून्य.

कंपन्यांचा कळवळा मलाही नाही. ग्लिव्हेक या कॅन्सरच्या औषधाच्या पेटंटसाठी नोव्हार्टिस कंपनी सुप्रीम कोर्टात गेली आणि 2013 मध्ये हरली, चांगलंच झालं. पण म्हणून सोडा औषध ठरत नाही.

उलट, अर्ध्या चमच्यात सुमारे 600 मिलिग्रॅम सोडियम, तीनदा म्हणजे 1,800. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून 2,000 च्या आत राहा म्हणते. काकूंना बीपी आहे, आणि इंदूरच्या घरात पोह्यांवर शेव असतेच. केमोच्या डॉक्टरांना त्यांनी यातलं अक्षरही सांगितलेलं नाही.

मेसेज पाठवणाऱ्या दादांनी आजच काकूंना फोन करून सोडा बंद करायला सांगावं. माझ्यापेक्षा त्यांचं त्या जास्त ऐकतात.