फुकटचे सहा किलोमीटर

गाडीचे टायर गुळगुळीत झाले होते आणि मला तसलेच चार नवे हवे होते. यात चर्चा करण्यासारखं काही आहे असं कुणाही शहाण्या माणसाला वाटणार नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की खांबावर एक छोटं स्टिकर दिसतं. त्यावर गाडी बनवणाऱ्यांनीच १६५/७० आर १४ असं स्वच्छ छापून ठेवलंय, शेजारी हवेचा दाबही दिलाय. मी तोच आकडा टायरवाल्याला वाचून दाखवला. तो "हो" म्हणायला तोंड उघडतच होता, तेवढ्यात कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीतून आवाज आला.

"चौदा?"

एकच शब्द, पण त्यात कीव होती.

खुर्चीतले गृहस्थ गिऱ्हाईक नव्हते, मालक नव्हते, मालकाचे नातेवाईकही नव्हते. ही शेवटची गोष्ट मी नंतर मुद्दाम विचारून घेतली, कारण नातेवाईक असते तर एक वेळ माफ केलं असतं. टायरच्या दुकानात असा एक जण असतोच. तो कधीतरी हवा भरायला आलेला असतो आणि हवा भरून झाली तरी जायचा राहिलेला असतो. यांच्या तर्जनीत एक किल्ली गरगर फिरत होती. वय माझ्याएवढंच, केस माझ्यापेक्षा कमी.

"साहेब, गाडी छान आहे हो तुमची. पण चाकं बघा की. हत्तीला मुंगीचे पाय लावल्यागत दिसतंय."

माझी गाडी उण्यापुऱ्या साडेतीन मीटरची. तिला हत्ती म्हणणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता, त्यामुळे राग यायला जरा उशीर झाला.

"सोळा टाका," ते म्हणाले. "एकशे पंच्याण्णव पंचावन्न सोळा. वर अलॉय. मग बघा गाडी कशी उभी राहते!" आणि गाडी कशी उभी राहील हे दाखवायला ते स्वतः खुर्चीतून उठून उभे राहिले. पाय फाकलेले, छाती पुढे, मान किंचित खाली. माझ्या चाकाचे नट सोडवणारा पोरगा पाना खाली ठेवून बघायला लागला. पंक्चरसाठी थांबलेला एक जण मोबाईलमधून वर आला. खरं सांगायचं तर त्यांनी गाडी फार चांगली वठवली.

आता या आकड्यांबद्दल थोडं बोलावं लागेल, कारण माझा निम्मा राग आकड्यांवरच आहे. १६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० ही टायरच्या भिंतीची, म्हणजे साइडवॉलची उंची, पण मिलिमीटरमध्ये नव्हे, रुंदीच्या टक्क्यांत. आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या धाग्यांची मांडणी. १४ हा रिमचा व्यास, आणि तो इंचांत. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! हे उत्तर मी शाळेत लिहिलं असतं तर बाईंनी वही फेकली असती. पुढे लिहिलेलं असतं ८१ टी. ८१ म्हणजे ८१ किलो नव्हे, तर एका टायरला ४६२ किलो भार चालतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत ठीक. एस म्हणजे १८०, टी १९०, यू २००, आणि आता व्ही यावा तर मध्येच एच घुसतो, २१०, व्ही थेट २४०. एच कुणाच्या वशिल्याने तिथे बसलाय कोण जाणे.

बरं, हे सुधारायचा प्रयत्न कुणी केला नाही असंही नाही. १९७५ मध्ये मिशेलिन या टायर कंपनीने टीआरएक्स नावाचा प्रकार काढला. त्यात रिमही मिलिमीटरमध्येच, ३९० वगैरे. विचार सरळ होता. पण त्या रिमवर नेहमीचे टायर बसत नसत. प्रकार टिकला नाही आणि ज्यांच्या जुन्या गाड्यांना अजून ती चाकं आहेत ते टायर हुडकत बसतात. इंच आहे तिथेच आहे. मुद्दा एवढाच की हे माप ज्यांनी ठरवलं त्यांनाच ते एका भाषेत सांगता आलेलं नाही, मग खुर्चीत बसलेल्या माणसाला आपलंही मत द्यावंसं वाटलं तर नवल काय.

तर ते मत असं. "मोठं चाक एका फेरीत जास्त पळतं. इंजिनाला मेहनत तेवढीच, अंतर जास्त. मायलेज वाढतं साहेब, मायलेज!"

मी मोबाईल काढला आणि हिशेब मांडला. १६५ चे ७० टक्के म्हणजे साडेएकशेपंधरा मिलिमीटर. ही भिंत रिमच्या वरही असते आणि खालीही, म्हणून दुप्पट, २३१. त्यात १४ इंच म्हणजे ३५५.६ मिळवले की अख्खं चाक ५८६.६ मिलिमीटरचं. त्यांचं एकशे पंच्याण्णव पंचावन्न सोळा भरतं ६२०.९. जवळजवळ सहा टक्के जास्त. जाणती माणसं फार तर तीन टक्क्यांचा फरक चालवून घेतात. "तुमचं चाक लावलं," मी म्हटलं, "तर काटा शंभर दाखवेल तेव्हा गाडी एकशे सहाने धावत असेल."

ते थांबले. किल्लीही थांबली. मला वाटलं, बसला घाव.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "फुकटचे सहा किलोमीटर?"

आणि सगळ्या दुकानाकडे वळून, "ऐकलं का? साहेबच सांगतायत! काटा शंभरावर, गाडी एकशे सहावर!"

पाना धरलेल्या पोराच्या चेहऱ्यावर मी असा आदर क्वचित पाहिलाय. पंक्चरवाल्या माणसाने मला विचारलं, "त्याच्या स्कूटरला पण होतं का असं?" त्याच्या म्हणजे त्याच्या भावाच्या. मी घसा ताणून सांगत राहिलो. फुकट काही नाही हो. खऱ्या वेगापेक्षा काट्याने कमी दाखवायचं नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. जास्त दाखवलेलं चालतं, अगदी दहा टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत. म्हणून कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. तुमचं चाक ती सगळी शिल्लक खाऊन टाकणार. शिवाय अंतर मोजणारा आकडाही मागे पडणार, म्हणजे मायलेज काढायला बसलात तर कागदावर ते उलट कमीच दिसणार. त्यात रुंद टायर, जड रिम, दर सिग्नलला ते वजन पुन्हा फिरवायचं ते याच बारक्या इंजिनाने. हे शेवटपर्यंत ऐकायला कुणी उरलं नव्हतं. सगळे फुकटच्या सहा किलोमीटरांचं काय करायचं या विचारात होते.

"भाऊ, तुम्ही फार विचार करता," ते म्हणाले. साहेबाचा भाऊ झालो होतो.

"स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतून घासेल," मी म्हटलं. "तीस मिलिमीटर रुंदी वाढतेय."

"मग पूर्ण वळवायचं नाही."

"आणि स्टेपनी? ती चौदाचीच राहणार. एका बाजूला सोळा, एका बाजूला चौदा, दोन चाकांचे फेरे वेगळे. दोन चाकांच्या फेऱ्यांचा मेळ घालणारं डिफरन्शियल रडेल, ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या एबीएसला कळेनासं होईल."

"स्टेपनी लागतेच कधी?"

हे वाक्य त्यांनी पंक्चरच्या दुकानात बसून उच्चारलं. त्यांच्या पाठीमागे हौदातल्या पाण्यात कुणाच्या तरी ट्यूबमधून बुडबुडे येत होते.

मग मी जरा खालच्या पातळीवर उतरलो आणि विचारलं, "तुमच्या गाडीला कितीची आहेत?"

"माझी विकली मागे. आता घेईन ती सोळाच्या खाली नाही."

"मग ही किल्ली?"

"त्याच गाडीची. दुसरी किल्ली द्यायची राहून गेली त्याला."

म्हणजे बघा. कुठेतरी एक गरीब माणूस सेकंडहँड गाडी घेऊन एकाच किल्लीवर दिवस काढतोय, आणि त्याची दुसरी किल्ली या बोटावर फिरत माझी चाकं ठरवतेय. मला त्या अनोळखी माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली. त्यालाही यांनी जाताना काहीतरी सांगितलंच असणार.

हट्टाने मोठा रिम बसवायचाच असेल, तर त्याची एक रीत आहे. रिम जेवढा वाढवाल तेवढी टायरची भिंत कमी करायची, म्हणजे एकूण चाक होतं तेवढंच राहतं. माझ्या गाडीला सोळा लावायचे तर १९५/४५ घ्यावे लागतील, व्यास ५८२ च्या आसपास, काटा खूश. पण मग साडेएकशेपंधराची भिंत अठ्ठ्याऐंशीवर येते. खड्ड्याचा दणका गिळणारी जी काही हवा आणि रबर असतं ते एवढंच. ते कमी केलं की दणका रिमला, रिमकडून शॉकअब्सॉर्बरला आणि तिथून माझ्या कमरेला. पंधराचा रिम आणि १७५/६० टायर घेतला तर व्यास एका टक्क्याच्याही आत बसतो, कमरही वाचते, आणि रिम योग्य असेल तर त्याला माझी ना नाही. पण "योग्य" म्हणजे नुसते इंच नव्हेत. नट किती आणि कोणत्या वर्तुळात, हबचं भोक केवढं, रिमचा ऑफसेट किती, म्हणजे हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती सरकलेली, हे सगळं जुळलं पाहिजे. ऑफसेट चुकला तर चाक एक तर आत घासतं नाही तर बाहेर डोकावतं. हे मी सांगत असताना ते खुर्चीतून मला म्हणाले, "बाहेर आलेलं मस्त दिसतं."

शेवटचा उपाय म्हणून मी इतिहासात शिरलो. १९५९ ची ब्रिटिश मिनी. तीन मीटरच्या गाडीत तिचे रचनाकार अलेक इसिगोनिस यांना चार माणसं बसवायची होती. चाकं मोठी केली की चाकांवरचे फुगवटे आत येऊन पाय ठेवायला जागा खातात. म्हणून त्यांनी चाकंच १० इंचांची घेतली, आणि डनलॉपने ती चालतील असे टायर करून दिले. हसू नका, त्याच बारक्या चाकांवर मिनीने मोंटे कार्लो रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये जिंकली. मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकून!

त्यांनी हे अगदी मन लावून ऐकलं. मान हलवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मग काका, सोळावर किती जिंकली असती!"

काका. टक्कल त्यांना आणि काका मी.

गंमत बाजूला ठेवतो, कारण पुढचं गमतीचं नव्हतं. मी टायरवाल्याला म्हटलं, "तुम्ही चौदाचे द्या." तो म्हणाला, "चौदाचे ठेवत नाही आता फारसे. मागवावे लागतील." मांडणीवर पंधरा, सोळा, सतरा भरलेले. म्हणजे खुर्चीतला माणूस एकटा नव्हता. तो फक्त मोठ्याने बोलत होता. गाडीचे डिझाइनर चित्र काढतात तेव्हा चाकं दारांच्या वर जाईपर्यंत फुगवतात, माहितीपत्रकात फोटो सगळ्यात महागड्या प्रकाराचा असतो, आणि मग छोटी गाडी घेणाऱ्यालाही वाटतं की आपल्याला कमी दिलं. इंजिन तेच, गिअर तेच. स्वस्त प्रकाराला लोखंडी चौदा, महागड्याला अलॉय सोळा. आणि तुम्हाला एखादी सुरक्षेची चांगली सोय हवी असेल, तर ती बहुतेक वेळा सोळाच्या जोडीनेच घ्यावी लागते, सुटी मिळत नाही. पुढे टायर झिजले की बिल मोठं, खड्ड्यात रिम वाकला की बिल मोठं. आणि इतकं करून डिकीतली स्टेपनी बघावी तर ती मात्र लोखंडी आणि चौदाची! वर ताशी ८० च्या पुढे जाऊ नका असं बजावणारं स्टिकर. जिथे कुणी बघत नाही तिथे त्यांनाही लहान चाक चालतं.

विजेच्या गाड्यांत तर हे कंपन्या स्वतःच लिहून देतात. मोठ्या चाकाचा प्रकार घेतला की एका चार्जमध्ये जाण्याचं अंतर कमी, तक्त्यात शेजारीशेजारी छापलेलं. तरी लोक मोठंच चाक घेतात. घेऊ देत. पण मला हवं ते दुकानात असू नये आणि वर मी ते मागितलं म्हणून मला कुणी समजवायला बसावं, हे काही मला पटत नाही.

शेवटी मालकाने वही काढली आणि माझी मागणी लिहून घेतली. मी वाकून बघितलं. १६५/७० आर १४, चार नग, पुढे माझा फोन नंबर. तेवढ्यात खुर्चीतून सूचना आली, "पेन्सिलने लिही रे. काका बदलतील." मालकाने पेनानेच लिहिलं, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. पण लिहून झाल्यावर चौदाच्या शेजारी त्याने एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं. मी विचारलं हे काय, तर म्हणाला, काही नाही, आमची खूण असते.

टायर अजून आलेले नाहीत. काल दुकानातून फोन आला होता. आवाज मालकाचा नव्हता, आणि मागे किल्ली फिरल्याचं ऐकू येत होतं.

"काका, चौदाला वेळ आहे. सोळा आलेत. नुसते बघून तर जा."