शंभर डंपर आणि तीन महिने : राख तलावांबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखावर 'एक आंबा बागायतदार' या नावाने आलेली प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि तिखटही. तिला खाली चार ओळींत उत्तर देणं बरं दिसेना, म्हणून हा वेगळा मजकूर. लेख न वाचलेल्यांसाठी एवढंच सांगतो, की औष्णिक वीज प्रकल्पांच्या जुन्या तलावांतली राख उपसून सुरक्षित जागी न्यायची तर कोकणात पाच-सहा वर्षांचा आराखडा लागेल, असं मी लिहिलं होतं. त्यावर बागायतदारांचं म्हणणं थोडक्यात असं: शंभर डंपर लावले तर तलाव तीन महिन्यांत साफ होतो, पाच वर्षं म्हणजे कंपनीला दिलेली मुदतवाढ. राख सिमेंटमध्ये जाते, तिच्या विटा होतात, मग प्लास्टिक अंथरलेले खड्डे हवेत कशाला? गावच्या रस्त्याला भराव पाहिजे, तिथे टाका. आणि उठसूट अमेरिकेचे दाखले देणाऱ्याने आधी सांगावं, की असला खड्डा स्वतःच्या घरामागे चालेल का?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत चांगला आहे. त्याचं उत्तर शेवटीच देतो.

मुदतवाढीचा तुमचा संशय रास्त आहे, हे आधी सांगून टाकतो. राखेच्या वापराबद्दलची केंद्राची पहिली अधिसूचना 14 सप्टेंबर 1999 ची. मग 2003, 2009, 2016 अशा दुरुस्त्या होत गेल्या आणि 31 डिसेंबर 2021 ला नवी अधिसूचना आली. तिच्यात जुन्या साठ्यासाठी 10 वर्षं दिली आहेत आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे 1,000 रुपये भरपाई ठेवली आहे. त्याच अधिसूचनेत एक पळवाटही आहे: तलाव स्थिर करून, वर झाडं लावून, प्रदूषण मंडळाचा दाखला मिळवला की ती राख वापरायच्या हिशेबातून सुटते. खाली अस्तर आहे का, राख भूजलात बुडालेली आहे का, हा प्रश्न झाडं लावल्याने मिटत नाही. तेव्हा 'पाच वर्षं' वाचून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या, तर माझी तक्रार नाही.

पण शंभर डंपरांचा हिशेब करून बघू. समजा तलावात 20 लाख टन राख आहे. डंपरमागे 20 टन धरले तर एक लाख खेपा झाल्या. तीन महिन्यांत उरकायच्या तर दिवसाला सुमारे 1,100. भरलेली गाडी जाणार, रिकामी परत येणार, म्हणजे बारा तासांच्या दिवसात तुमच्या फाट्यावरून दर वीस सेकंदांना एक डंपर. शंभर गाड्यांत वाटलं तर प्रत्येकीला दिवसाला अकरा खेपा, म्हणजे भरणं, जाणं, ओतणं आणि येणं मिळून तासाभराची खेप. आपल्या वळणावळणाच्या रस्त्यावर, मुलं शाळेला निघालेली असताना, एसटी समोरून येत असताना. कागदावरही हे बसत नाही.

आणि हा हिशेब राख कोरडी आहे असं धरून झाला. खरी गोम तिथेच आहे. राख तलावात येते ती पाण्याबरोबर, पाइपातून, रबडी होऊन. वरचा थर उन्हात वाळून पांढरा पडतो, त्यावर माणूस चालू शकतो. खाली मात्र वर्षानुवर्षं पाणी धरून बसलेले बारीक, गोल कण असतात. तुम्ही खाडीकाठचे असाल तर खाजणात ओहोटीला घट्ट दिसणाऱ्या चिखलात पाय टाकल्यावर काय होतं हे मी सांगायला नको. राखेत एक गोष्ट जास्तीची: पोकलेनच्या हादऱ्यानेसुद्धा भिजलेली राख क्षणात पातळ होऊन वाहू लागते. यंत्र आत जातं, चालक यंत्रात असतो.

म्हणून राख उपसायच्या कामात पहिलं दीड वर्ष राख जवळजवळ उपसायचीच नसते. वरचं पाणी काढायचं, कडेने चर खणायचे, बोअर मारून आतलं पाणी ओढायचं, आणि पातळी हळूहळू उतरवायची. हळूहळू अशासाठी, की तलाव झपाट्याने रिकामा केला तर बांधाच्या पोटात मुरलेलं पाणी तेवढ्या वेगाने बाहेर पडत नाही आणि आतला उतार घसरतो. काढलेलं पाणीही खाडीत सोडून चालत नाही, कारण त्यात आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन असतं, ते आधी शुद्ध करावं लागतं. निविदेत 'राख उचलणे, प्रति टन' एवढीच ओळ असेल आणि पाण्यासाठी वेगळी ओळ नसेल, तर ती योजना कुणी गंभीरपणे केलेली नाही, असं खुशाल समजा.

बांध फुटायला पावसाळा लागतोच असंही नाही. मध्य प्रदेशातल्या सिंगरौली जिल्ह्यात सासन वीज प्रकल्पाच्या राख तलावाचा बांध फुटला तो 10 एप्रिल 2020 ला, भर उन्हाळ्यात. सहा जणांचा जीव गेला. आपल्या राज्यात नागपूरकडच्या कोराडीजवळ खसाळ्याच्या राख तलावाचा बांध जुलै 2022 मध्ये पावसात फुटला आणि राख शेतांत आणि नदीत गेली. तिवरे धरण तर तुमच्या-माझ्या ओळखीचं. ते फुटलं ती 2 जुलै 2019 ची रात्र. ते राखेचं नव्हतं, पण मातीच्या बांधातली गळती दिसत असूनही पावसाआधी काम न झाल्यावर काय होतं, हे त्याच्याइतकं जवळून आपल्याला दुसऱ्या कशाने दाखवलेलं नाही.

आता कोकणचं वेळापत्रक. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तोही मुख्यतः चार महिन्यांत. पाऊस थांबतो ऑक्टोबरात, तेव्हा तलाव तुडुंब असतो. त्याची पातळी उतरेपर्यंत डिसेंबर उजाडतो. मेच्या मध्याला वळवाची आणि वादळाची धास्ती सुरू होते (3 जून 2020 चं निसर्ग आणि मे 2021 चं तौक्ते विसरणं शक्य नाही), आणि उघडी पडलेली राख त्याआधी झाकून, उतार सौम्य करून ठेवावी लागते. म्हणजे खणायला हातात उरतात पाचेक महिने. पावसाळ्यात अर्धवट खणलेला तलाव सर्वांत धोकादायक. 20 हेक्टरच्या खड्ड्यावर एका दिवसात 300 मिलीमीटर पडला, आणि तो पडतो, तर 60 हजार घनमीटर पाणी साचतं: सहा कोटी लिटर. ते पाणी कुठे राहणार आणि कुठून जाणार, याचं उत्तर पहिली खेप निघण्याआधी लागतं. मी पाच-सहा वर्षं म्हणालो ती याच हिशेबाने, जूनपासून मागे मोजत येऊन.

बागायतदार म्हणून तुम्ही विचाराल अशी मला वाटलेली गोष्ट तुम्ही विचारलीच नाहीत. खणायचे हे पाच महिने म्हणजे नेमका तुमचा मोहोर, कणी धरणं आणि तोड. राखेचा धुरळा मोहोरावर बसला तर? आराखड्यात याचा विचार करता येतो, फक्त कोणी तरी तो मागावा लागतो. आपल्याकडे सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात, दुपारी खारे वारे उलट. बागा तलावाच्या पूर्वेला असतील तर कोरडी राख हलवायचं काम दुपारी बंद ठेवायचं. राख ओलसर ठेवायची, पण एवढी नाही की डंपरच्या फाळक्यातून रस्त्यावर गळेल. ताडपत्री, बाहेर पडताना चाकं धुणं, आणि धुळीची मापनयंत्रं बागेच्या बाजूला लावलेली, कंपनीच्या फाटकावर नव्हे.

'सिमेंटमध्ये जाते, विटा होतात' हे खरं आहे, आणि जेवढी जाईल तेवढी तिकडेच जावी. पण चिमणीखालच्या यंत्रातून कोरडी घेतलेली राख आणि तलावातली राख यांत फरक असतो. तलावात भट्टीच्या तळाशी पडणारी जाड तळराख मिसळलेली असते, न जळलेला कोळसा असतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात तलावातली राख काँक्रीटला चालावी म्हणून तिच्यातला कोळसा जाळून टाकणारे तीन वेगळे कारखाने उभारावे लागले, प्रत्येकी वर्षाला तीन लाख टनांचे. किनाऱ्यावर आणखी एक अडचण: राख वाहून न्यायला समुद्राचं पाणी वापरलेलं असेल तर तिच्यात मीठ असतं, आणि मीठ लोखंडाला खातं. असली राख धुतल्याशिवाय आरसीसीत घालणं म्हणजे स्लॅबच्या सळ्या आजच गंजवायला घेणं. विटांचं म्हणाल, तर आपण घर बांधतो चिऱ्याचं. ज्या मुलखात अंगणात खणलं तरी जांभा निघतो तिथे राखेच्या विटांना गिऱ्हाईक किती, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

गावच्या रस्त्याचा भराव मात्र नको. हमरस्त्याच्या भरावात राख वापरायची रीतसर पद्धत आहे: थराथराने दाबायची, बाजूंनी आणि वरून मातीचं जाड आवरण द्यायचं, पाणी निचरायची सोय करायची. फुकट मिळाली म्हणून व्हाळाच्या कडेला ओतलेली राख पहिल्या आषाढात व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, खाली जाते. तलाव एका जागी होता तोवर निदान कुठे आहे हे माहीत होतं. नंतर ती पन्नास ठिकाणी असेल आणि कुठल्याच नोंदवहीत नसेल.

अमेरिकेबद्दल. दाखले देतो ते त्यांचं कौतुक म्हणून नव्हे. टेनेसीतल्या किंग्स्टनला 22 डिसेंबर 2008 च्या रात्री बांध फुटून सुमारे 41 लाख घनमीटर राख नदीत आणि घरांवर गेली. साफसफाईला लावलेल्या कामगारांपैकी पुष्कळ जण पुढे आजारी पडून कोर्टात गेले. आणि उपसलेली राख? ती रेल्वेने अलाबामातल्या पेरी काउंटीत, गरीब कृष्णवर्णीय वस्तीशेजारच्या भरावभूमीत नेऊन टाकली. तुमच्या 'कुठेही टाका'चा हा शेवट असतो: टाकणाऱ्याला कुठेही, शेजारच्याला दारात.

दुसरा दाखला नॉर्थ कॅरोलायनातल्या डॅन नदीचा. तिच्या काठचा औष्णिक प्रकल्प 2012 मध्ये बंद झालेला. 2 फेब्रुवारी 2014 ला तलावाच्या पोटाखालून गेलेला पावसाच्या पाण्याचा जुना पाइप कोसळला आणि 39 हजार टन राख नदीत गेली. बांध शाबूत होता. आपल्याकडे घळीत बांध घालून तलाव केलेला असेल, तर खालून एखादा पऱ्या किंवा जुनी मोरी गेलेली असण्याची शक्यता खूप. जुने नकाशे आणि गावातली म्हातारी माणसं, दोन्हींकडे चौकशी केल्याशिवाय यंत्र आत घालू नये. याच घटनेनंतर त्या राज्याने कायदा केला, खटले झाले, आणि जानेवारी 2020 च्या तडजोडीत तिथल्या वीज कंपनीने सुमारे 8 कोटी टन राख उपसायचं कबूल केलं. मुदती 2030 च्या दशकात जातात. पैसा, यंत्रं, कोर्टाचा धाक असं सगळं असूनही.

मुदत लांब असण्यापेक्षा तिच्यावर कोणाची नजर आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. यासाठी परदेशात जायला नको. डहाणूत सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या आदेशानंतर पर्यावरण रक्षणासाठी प्राधिकरण नेमलं गेलं, न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते, आणि औष्णिक प्रकल्पाला धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लागली ती त्या प्राधिकरणाच्या रेट्याने. दर मेअखेर किती राख गेली, कुठे गेली, बांधाची पातळी किती, असा हिशेब ग्रामसभेसमोर ठेवणं बंधनकारक असेल तर पाच वर्षं ही मुदतवाढ होत नाही. नसेल, तर तीन महिनेही होतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. माझ्या घरामागे चालेल का? जांभ्याच्या सड्यावर नाही. जांभा पाणी गाळून खाली सोडतो, आणि ते खालच्या वाडीत झऱ्याला निघतं. अमेरिकेचा नियम सांगतो, की खड्ड्याचा तळ भूजलाच्या वरच्या पातळीपासून निदान पाच फूट वर हवा. तो नियम इथे लावायचा तर ती पातळी ऑगस्टात मोजलेली हवी. मेमध्ये मोजून देणाऱ्या सल्लागाराला मी ओट्यावर बसू देणार नाही. ऑगस्टात पाच फूट मोकळे सापडले, खाली दोन फूट दाबलेली चिकणमाती, तिच्यावर एचडीपीईचं, म्हणजे जाड प्लास्टिकचं, अस्तर, झिरपलेलं पाणी गोळा करून शुद्ध करायची सोय, हे सगळं असेल आणि निरीक्षण विहिरींच्या कुलपाची एक किल्ली ग्रामपंचायतीकडे असेल, तर हो, चालेल. आज राख अस्तर नसलेल्या तलावात खाडीला लागून आहे, त्यापेक्षा ते पुष्कळ बरं.

आणि तुमच्या विहिरीचं पाणी येत्या ऑगस्टात आणि पुढच्या मेमध्ये तपासून ठेवा, कोणी खणो वा न खणो. राखेचं पाणी झिरपतंय हे सहसा आधी बोरॉन आणि सल्फेटवरून कळतं, पण समुद्राच्या पाण्यातही ही दोन्ही भरपूर असतात. त्यामुळे उद्या तक्रार केलीत तर 'हा खाडीचा खार आहे' असं उत्तर मिळेल. म्हणून क्लोराइडही सोबत तपासून घ्या: बोरॉन वाढला आणि क्लोराइड त्या प्रमाणात वाढला नाही, तर तो खार नव्हे. अहवालावर तारीख आणि प्रयोगशाळेचा शिक्का असू द्या, आणि एक प्रत शेजाऱ्याकडेही ठेवा.